सोमवारचं वजन

ज्या माणसानं माझं वजन अख्ख्या लातूरला तोंडपाठ करून दिलं, त्याच्याबद्दल मी कधी कौतुकानं लिहीन, असं त्या काळी कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आताही कौतुकानंच लिहीन अशी खात्री नाही. त्यांची आठवण आली की पहिल्यांदा माझं डोकं तापतं, बाकीचं सगळं मागून येतं.

ते माझे घरमालक. मार्केट यार्डात त्यांचं आडतीचं दुकान होतं. शेतकऱ्यांची तूर, हरभरा, करडई त्यांच्या ओट्यावर उतरायची, काट्यावर चढायची आणि तिथून डाळमिलवाल्यांकडे जायची. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात खिशाची बंडी, पांढरंशुभ्र धोतर. वय साठीच्या पुढं. त्यांना सगळे अप्पा म्हणत, आणि त्यांच्या बायकोला अव्वा.

लातूर जिल्हा नुकता झाला होता. उस्मानाबादेहून आमच्या कचेरीचे कागद पोत्यांत भरून आले होते आणि टेबलं अजून यायची होती. मी वजनमापे खात्यात कारकून. बायको लोह्याला शाळेत शिकवायची, मुलं तिच्याजवळ. मी शनिवारी एसटी धरायचो, अहमदपूरला बस बदलायचो, लोह्याला दीड दिवस राहून परत यायचो. उरलेले दिवस खानावळीत जेवायचं आणि अप्पांच्या माडीवरच्या खोलीत झोपायचं.

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, पगारसुद्धा विचारला नाही. मला वरून खालपर्यंत बघून म्हणाले, "वजन किती?"

मी म्हणालो, "असेल ऐंशी-ब्याऐंशी."

"असेल? वजनमापे खात्याचा माणूस आन् 'असेल' म्हणून राहिला?" असं म्हणून त्यांनी माझ्या दंडाला धरलं, मला यार्डात नेलं आणि तुरीच्या काट्यावर उभं केलं. पोतं ठेवायच्या लोखंडी पाटावर मी चपला काढून उभा, आणि त्यांचा म्हातारा मापाडी दांडीवरचं वजन पुढं सरकवतोय. ऐंशीला दांडी उचललेलीच. नव्वदलाही उचललेलीच. चौऱ्याण्णवला ती मधोमध थांबली. अप्पा म्हणाले, "क्विंटलला सहा कमी. खोली घ्या. सोमवारी सोमवारी काट्यावर यायचं, येवढी एक अट."

मला वाटलं गंमत आहे. गंमत नव्हती. पहिला सोमवार मी चुकवला, तर साडेदहाला मापाडी थेट कचेरीत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, अप्पांनी बलीवलंय. काटा रिकामा हाय."

काटा रिकामा होता हे खरं, आणि माझ्या सगळ्या दुर्दैवाचं मूळ तेच. त्या साली पाऊस आला नव्हता. नेहमी ज्या ओट्यावर चालायला जागा नसायची, तिथं हमाल गमछा टाकून पडलेले असायचे. दुकानाच्या दारात एक काळी पाटी होती. तिच्यावर रोजचा तुरीचा भाव लिहायचा रिवाज होता. तूरच नाही तर भाव कसला लिहिणार? पाटी कोरी बरी दिसत नाही म्हणून अप्पांनी त्या पाटीवर खडूनं लिहिलं, 'साहेब ९४'.

पुढच्या सोमवारी 'साहेब ९४॥', म्हणजे साडेचौऱ्याण्णव. मग तर यार्डात तो खेळच झाला. समोरचा चहाचा हॉटेलवाला मला बघितलं की ओरडायचा, "साहेब, आज तेजी का मंदी?" कचेरीतले लोक दुपारी मुद्दाम यार्डाकडं चहाला जायला लागले. मी अप्पांना हात जोडून म्हणालो, "अप्पा, मला खोलीत सांगा, कानात सांगा, पण पाटीवर लिहू नका."

तर म्हणाले, "भाव लपवून ठिवला की माल सडतो."

त्यांचे सल्ले ऐकून ऐकून माझे कान किटले. भाकरीचा घास बत्तीस वेळा चावा. दिवेलागणीच्या आत जेवण उरका. गव्हाची पोळी सणाची, रोजची न्हाई. हुलगे भिजवा, मोड आणा, मूठभर खा. जेवताना पाणी पिऊ नका, पेटत्या चुलीत कुणी पाणी ओततं का? सकाळी यार्डाला पाच फेऱ्या. आणि सगळ्यात मोठा नियम, जो ते बोट वर करून सांगत: "साखर म्हंजे इख. गूळ म्हंजे औषद."

हे शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा हात बंडीच्या खिशात गेलेला असायचा. खिशात कायम गुळाचा खडा. भाकरीनंतर गूळ, पाण्याआधी गूळ, चहा तर गुळाचाच. कुणाशी बोलता बोलता घसा सुकला की गूळ. मी एकदा म्हणालो, "अप्पा, गोड ते गोडच की हो." त्यावर त्यांनी मला अर्धा तास ऊस, गुऱ्हाळ आणि साखर कारखाना यांतला फरक समजावून सांगितला. मला ऑफिसला उशीर झाला.

खानावळीत मी सुखानं जेवेन म्हणावं तर तिथंही सोय नाही. एकदा चौथी पोळी ताटात पडली आणि मागून एक हात आला, त्यानं ती पोळी उचलली. वळून बघतो तर अप्पा. त्यांनी पोळी घडी करून खानावळवाल्याला परत दिली आणि म्हणाले, "हे माझं गिऱ्हाईक हाय. ह्येला तीनच." आसपासची दहा माणसं हसली. मी तीन पोळ्यांवर उठलो, आणि कोपऱ्यावर जाऊन रागानं चार भजी खाल्ली. पुढच्या सोमवारी अर्धा किलो वाढलं. त्याची बोलणी वेगळी खाल्ली.

मात्र एक गोष्ट सांगायला हवी. त्या काट्यावर फक्त मीच चढायचो असं नाही. अप्पा हमालांनाही चढवायचे. त्यांची वजनं पाटीवर लिहायचे नाहीत. दुष्काळ जसा लांबला तशी ती उतरत गेली. कुणाचं दोन किलोनं खाली आलं की अप्पा त्याला कसलाच सल्ला द्यायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, "उद्या येताना डबा आणू नगं." दुसऱ्या दिवशी अव्वा भाकरीची दुरडी यार्डात पाठवायच्या. मी हे बघायचो आणि माझा राग तेवढ्यापुरता निवायचा.

एकदा मलाच जुलाब झाले आणि एका आठवड्यात माझं वजन दोन किलोनं घटलं. मी खूश होऊन काट्यावरून उतरलो. अप्पा मात्र गंभीर. म्हणाले, "उन्हात वाळून माल घटला तर चांगला. पोत्यात बसल्या जागी घटला तर वाळला म्हणू नये. आत किडा बगावा." आणि मला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेले. हे वाक्य मी लक्षात ठेवलं. पुढं ते त्यांच्याच अंगावर येणार होतं, हे तेव्हा मला काय माहीत.

स्वतः मात्र ते काट्यावर कधी चढले नाहीत. मी दहादा म्हणालो असेन, "अप्पा, आता तुम्ही." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. साठी झाली तेव्हा मठात त्यांची गूळतुला झाली होती. एका पारड्यात अप्पा, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. अडुसष्ट किलो गूळ लागला, तो गावात वाटला. यार्डातल्या प्रत्येकानं तो खाल्लेला, म्हणून अप्पा म्हणजे अडुसष्ट किलो हे यार्डातल्या प्रत्येकाला ठाऊक. "तुला झालेला माणूस पुन्यांदा काट्यावर चढत न्हाई," ते म्हणायचे. "ते वजन देवाला दिलं. आता मोजणारे आपण कोण?" लोकां सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते हेच.

त्या सालच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, त्यांनी मला आपल्या शेतात नेलं. लातूरकडं हा सण घरी करतच नाहीत. सगळं गाव शेतात जातं, कडब्याची खोप करतं, पूजा करतं आणि मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील यांवर ताव मारतं. शेतात ज्वारी गुडघ्याएवढीही नव्हती, पानं वाळून वळलेली. तरी अव्वांनी सगळं केलं होतं. माझ्या पत्रावळीवर अप्पांनी मोजून एक उंडा वाढला आणि भज्जी चमच्याच्या टोकावर. मी सणाच्या दिवशी भरल्या पातेल्याकडं बघत उपाशी. ते स्वतःही फार जेवले नाहीत, पण आंबील पीतच राहिले. एक तांब्या, दुसरा तांब्या, तिसरा. जेवताना पाणी पिणाऱ्याला जे चुलीची उपमा द्यायचे, ते तीन तांबे आंबील पिऊन वर अव्वांकडं पाणी मागत होते. अव्वा नुसत्या बघत राहिल्या. माझं सगळं लक्ष उंड्याकडं होतं, त्यामुळं मला फक्त राग आला.

उन्हाळा आला तसं पाणी चौथ्या दिवसावर गेलं. टँकर आला की आमच्या गल्लीत भांड्यांची रांग लागायची. न्हाणीघरात पाणी ओतायला बंदी. वापरलेलं पाणी बादलीत धरून ते अंगणातल्या लिंबाला घालायचं. पाण्याचे नियमही अप्पांनीच केले होते आणि माझ्या आंघोळीला त्यांनी एक बादली बांधून दिली होती. माझ्या वजनाच्या माणसाला एका बादलीत काय होतं? पण तक्रार करायची सोय नव्हती.

एका रविवारी लोह्याहून परत आलो तेव्हा अव्वा जिन्यात थांबल्या होत्या. त्या माझ्याशी फारसं बोलायच्या नाहीत. त्या दिवशी पदर सावरत म्हणाल्या, "साहेब, एक इचारू का? न्हाणीत मुंग्या लागून राहिल्या. लई. पाणी टाकायचं बंद केलं तवापासून दिसाया लागल्या. मी राख टाकली, हळद टाकली, जात न्हाईत. हे जाऊन आले की लागतात."

माझ्या वडिलांना मधुमेह होता. आमच्या घरी तो पहिल्यांदा डॉक्टरला कळला नव्हता, मुंग्यांना कळला होता. मी विचारलं, "अव्वा, अप्पा पाणी फार पितात का?"

"पितात? माझ्या वाट्याचं बी त्यांनाच देते. आन् धोतर बगा की, दोनदा खोचतात तरी उतरतंय. मी म्हणलं दवाखान्यात चला, तर म्हणतात, मी सगळ्या गावाला तब्येत शिकीवतो, मला कोण शिकीवणार? तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

माझं ऐकतील! ज्या माणसानं वर्षभर माझं एक वाक्य पुरतं होऊ दिलं नव्हतं, तो माझं ऐकणार. तरी मी संध्याकाळी विषय काढला. अप्पा, तुम्ही वाळलात. तर म्हणाले, दुष्काळात सगळेच वाळतात, तुमच्याशिवाय. अप्पा, तपासून घ्या. तर म्हणाले, माझ्या उभ्या आयुष्यात मी गोळी खाल्ली न्हाई. अप्पा, न्हाणीत मुंग्या लागतात. त्यावर ते चिडले आणि म्हणाले, मुंग्यांचं खातं कधीपासून तुमच्याकडं आलं? मी दाराशी येऊन परत वळलो आणि शेवटचं म्हणालो, गूळ तरी सोडा. त्यांनी खिशातून खडा काढला आणि माझ्याकडं बघत तोंडात टाकला.

त्यांचा गळा धरावा असं मला वाटलं. माझे वडील असेच हट्टी होते. त्यांच्या पायाला जखम झाली ती भरली नाही, आणि पुढं काय झालं ते मी घरात बघितलं होतं. हा माणूस माझा कुणी नव्हता. मी खोली सोडून दुसरीकडं जाऊ शकत होतो. पण तो असा डोळ्यांदेखत झिजत जाणार आणि मी दर सोमवारी त्याच्यासमोर चपला काढून उभा राहणार, हे मला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी यार्ड उघडायच्या आधीच गेलो. दुकानात अप्पा आणि मापाडी दोघंच. मी काट्यावर चढलो. मापाडी म्हणाला, "चौऱ्याण्णव."

मी खाली उतरलो आणि म्हणालो, "अप्पा, तुमचा काटा खोटा आहे."

यार्डात यापेक्षा वाईट बोलता येत नाही. आईवरून शिवी दिली तर भांडण होतं आणि मिटतं. काटा खोटा म्हटलं की तीन पिढ्यांचं नाव जातं. मापाडी हातातलं फडकं तसंच धरून उभा राहिला. अप्पा उठले. त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "काय म्हणून राहिलात साहेब? तुम्ही सरकारी माणूस हात. इचार करून बोला."

"विचार करूनच बोलतोय. सरकारी दवाखान्यात माझं नव्वद भरलं. इथं चौऱ्याण्णव." हे मी सपशेल खोटं बोललो.

"वजनं आण रं," अप्पा मापाड्याला म्हणाले. शिक्क्याची वीस-वीस किलोची वजनं होती. मापाड्यानं तीन आणून पाटावर ठेवली. दांडीवरचं वजन साठावर सरकवलं. दांडी मधोमध, केसभरही हलेना. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मला हेच हवं होतं. आधी काटा खरा ठरायला हवा होता, तोही त्यांच्याच हातानं.

मी तरी म्हणालो, "वजनंही तुमचीच. घासलेली असतील."

मी थांबलो नाही. "अप्पा, या यार्डात एकच वजन असं आहे ज्याची साक्ष सगळं गाव देईल. अडुसष्ट. त्याचा गूळ सगळ्यांनी खाल्लाय. ते ठेवा पाटावर. अडुसष्ट भरलं तर मी कान धरून यार्डाला पाच फेऱ्या मारीन, नाहीतर फेरतपासणीचा कागद काढीन."

तुला झालेला माणूस पुन्हा चढत नाही, हे त्यांच्या डोक्यात आलंच असणार. पण काट्याचं नाव त्याहून मोठं निघालं. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि वजनं उतरवून स्वतः पाटावर उभे राहिले. "लाव अडुसष्ट," म्हणाले.

मापाड्यानं अडुसष्टला लावलं. दांडी खाली बसलेली. पासष्टला लावलं, दांडी खालीच. साठाला लावलं. मघाशी ज्या खुणेवर दांडी मधोमध उभी होती, तिथं ती उचलेना. मापाडी थांबला आणि माझ्याकडं बघायला लागला. अप्पा समोर भिंतीकडं बघत होते. म्हणाले, "थांबलास कामून? सरकव."

चोपन्नला दांडी उचलली.

अप्पा पाटावर तसेच उभे होते. काटा खोटा म्हणावं तर आत्ताच त्यांनी तो खरा करून दाखवला होता. शेवटी ते उतरले, वहाणा घातल्या आणि मापाड्याला म्हणाले, "झाक काटा." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "किडा लागला वाटतं साहेब."

मला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून मी रागानं म्हणालो, "चला आता."

"चलतो. पन् यार्डात कळता कामा न्हाई. ज्याच्या पोत्याला किडा, त्याचा सल्ला कोण घेतंय?" मापाड्यानं आपल्या गळ्यातल्या लिंगाला हात लावून शपथ घेतली. मीही मान हलवली. ती मान हलवणं मला किती महागात पडणार हे मला समजायला हवं होतं.

डॉक्टरांनी लघवी तपासली, रक्त तपासलं आणि साखर भरपूर असल्याचं सांगितलं. आणखी उशीर केला असता तर काय झालं असतं तेही सांगितलं. गोळ्या दिल्या. मग पथ्य सांगायला लागले. जेवण वेळेवर, थोडं थोडं. भाकरी मोजून. रोज चालायचं. मोड आलेली कडधान्यं. अप्पा मधेच म्हणाले, "हे तर मीच सगळ्यांला सांगून राहिलो की." डॉक्टर म्हणाले, "मग चांगलंच आहे. आणि साखर, गूळ पूर्ण बंद."

अप्पा म्हणाले, "साखर बंद. बरोबर."

"आणि गूळ."

"गूळ न्हाई?"

"गूळसुद्धा नाही."

"थोडा बी न्हाई?"

आम्ही बाहेर आलो. एक टांगा उभा होता, घोड्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. अप्पांनी खिशातला खडा काढला, त्याच्याकडं एकदा बघितलं आणि घोड्याला चारला. मला त्यांची फार दया आली. ही दया एक दिवस टिकली.

दुसऱ्या दिवशी मी यार्डातल्या हॉटेलात चहा मागवला. चहा आला तो फिका. मी साखर मागितली तर हॉटेलवाला आवाज खाली आणून म्हणाला, "न्हाई साहेब. अप्पांनी सांगितलंय. तुम्हाला शुगर निघाली म्हणं."

मला आधी कळेचना. मग दोन हमाल आले आणि हळहळले. एवढा मोठा देह, आतून पोखरला बिचारा. कचेरीत गेलो तर तिथंही बातमी पोचलेली. आमच्या वरच्या साहेबांनी मला हलकं काम दिलं. संध्याकाळी पाटीवर बघतो तर माझं वजन पुसलेलं. आजारी माणसाचं वजन लिहू नये म्हणून.

मी तडक दुकानात गेलो. मापाड्यानं मला बघून मागचं दार धरलं. "अप्पा, मला शुगर आहे?"

"हळू बोला की."

"दवाखान्यात कोण गेलं होतं?"

"दोघं बी गेल्तो. लोकांनी बगितलं. त्यातल्या एकाला काहीतरी असायलाच पायजे. न्हाईतर गेलो कशाला? मंग मी म्हणलं, साहेबांला हाय, मी संगं जातो."

"आणि मला विचारायचं?"

ते अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही बदलीचे मानूस. आज न् उद्या कागद येईल, तुम्ही जाल, तुमची शुगर बी तुमच्यासंगं जाईल. मला हितंच ऱ्हायचंय."

मी तणतणत खोलीवर निघून आलो. मनाशी ठरवलं की उद्या सगळ्या यार्डाला खरं सांगून टाकायचं. जिन्यात अव्वा भेटल्या. नुसतं म्हणाल्या, "आज मुंग्या कमी हायत." मी ठरवलेलं तिथंच सोडून दिलं.

पुढची दोन वर्षं मी लातूरमध्ये शुगरचा पेशंट होतो. दर महिन्याला अप्पा मला 'दवाखान्यात घेऊन' जायचे. आत त्यांचं रक्त काढायचे आणि बाहेर येताना ते मला हाताला धरून पायऱ्या उतरवायचे. कुणाच्या लग्नात गेलो तर वाढपी जिलबीचं ताट माझ्यासमोरून पुढं न्यायचे. दिवाळीला कचेरीत सगळ्यांना पेढे, मला चुरमुरे. बायको एकदा लातूरला आली तर हॉटेलवाल्यानं तिला बाजूला घेऊन धीर दिला. तिला खरं सांगितल्यावर ती हसून लोळली, आणि लोह्याला गेल्यावर घरीही चहात साखर घालायची बंद केली. म्हणाली, "सवय मोडायला नको." या छळाला मी कुणाकडं दाद मागणार?

अप्पांचे सल्ले मात्र थांबले नाहीत. उलट त्यांना आता जोर आला. डॉक्टर आत जे सांगायचे ते अप्पा बाहेर यार्डात स्वतःचं म्हणून सांगायचे. गुळाचं मात्र त्यांनी असं केलं की आधी कधी आपण गूळ चांगला म्हटलंच नव्हतं. "साखर काय आन् गूळ काय, एकाच आईची लेकरं," असं ते मलाच बोट वर करून सांगायला लागले. सोमवारी यार्ड उघडायच्या आधी मात्र ते मुकाट्यानं काट्यावर चढायचे. मापाडी वजन सरकवायचा, मी वाचायचो. छप्पन्न. सत्तावन्न. एकोणसाठ. एकसष्टला अव्वांनी मला घरी बोलावून हुलग्याचं माडगं पाजलं, फिकंच.

दरम्यान पाऊस झाला, यार्डात तूर आली, पाटीवर भाव परत लिहिला जाऊ लागला. शेवटी माझा बदलीचा कागदही आला, नांदेडला. शेवटच्या सोमवारी अप्पांनी मला काट्यावर उभं केलं. फिका चहा, जिलबीशिवाय लग्नं, गोडाशिवाय सण, असं दोन वर्षं झालं होतं. एक्क्याऐंशी भरलं. अप्पा सगळ्या हमालांकडं वळून म्हणाले, "बगा. तेरा किलो उतरीवले. आपल्या सल्ल्यानं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी अप्पांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. पाटीचा खडू शोधत होते.

बसस्टँडवर मात्र आले. गाडी सुटताना खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "साहेब, तितं पोचल्यावर शुगर बरी झाली म्हणून सांगू नका बरं का. लोक इकडं-तिकडं येत-जात असतात." मी कपाळावर हात मारून घेतला.

अप्पा त्यानंतर बरीच वर्षं जगले, आणि गेले ते म्हातारपणानं. मला कळायला उशीर झाला. लातूरला गेलो तेव्हा अव्वांना भेटून यार्डात चक्कर मारली. दुकान होतं, काटा नवा होता, आकडे दाखवणारा. मापाडी राहिला नव्हता. समोरचा हॉटेलवाला पार पिकला होता, पण त्यानं मला बघताच ओळखलं आणि हात धरून बसवलं. न मागता चहा दिला. फिका.

आता कसली अडचण होती? सांगणार होतो मी. अप्पा गेले होते, मापाडी गेला होता, अव्वांनी काही म्हटलं नसतं. दोन वर्षांचा सगळा राग जिभेवर आला होता.

हॉटेलवाला समोर बसून म्हणाला, "अप्पांनी लई जपलं तुम्हाला साहेब. दर महिन्याला दवाखान्यात न्यायचे. आमी बगायचो. पोटच्या पोराला कुणी येवढं करत न्हाई. आता कशी हाय शुगर?"

मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "ताब्यात आहे."